न्हाणीमागची जास्वंद

आमच्या गावचे सगळे मोठे निर्णय आमच्या न्हाणीमागं उगवायचे. बैल कुणाचा घ्यावा, विहीर कुठं खणावी, पोरगी कुठं द्यावी, भावाला कोर्टात ओढावं की घरातच डोकी फोडावीत, हे गावातली माणसं ठरवत नसत, वाघजाई ठरवायची. आणि वाघजाईला ठरवायला जास्वंदीच्या पाकळ्या लागायच्या, त्याही साध्या, पाच पाकळ्यांच्या तांबड्या फुलाच्या. गावात दुसऱ्या जास्वंदी नव्हत्या असं नाही, पण त्या सगळ्या भरगच्च गुंडीच्या, दिसायला गुबगुबीत आणि देवीच्या कामाला शून्य. भाटघरच्या धरणाच्या वरच्या अंगाला आमची वाडी, आणि त्या वाडीत साधी जास्वंद एकाच घरात होती, ती आमच्या. खरं तर ती आमचीही नव्हती, आत्याची होती. हे आई दिवसातनं एकदा तरी चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची.

आत्या म्हणजे दादांची, माझ्या वडिलांची, धाकटी बहीण कौशी. तिला वेल्ह्याकडं डोंगरात दिली होती. काही वर्षं नांदली आणि एका सकाळी एसटीतनं उतरून घरी आली, एका हातात पत्र्याची ट्रंक आणि दुसऱ्या हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली काठी. आईला वाटलं, ही कुणाला तरी मारून आली. ती काठी म्हणजे सासरच्या अंगणातल्या जास्वंदीची फांदी होती. तिकडचं तेवढंच आणण्याजोगं होतं, असं आत्या म्हणायची. का आलीस, असं विचारणाऱ्या प्रत्येकाला तिनं वेगळं कारण सांगितलं. शेजारणीला म्हणाली, पाणी सोसलं नाही. गुरवबुवांना म्हणाली, देवीनं बोलावलं. मला मात्र खरं सांगितलं. नवरा मारत नव्हता, पीत नव्हता, काहीच करत नव्हता. बोलतच नव्हता. म्हशीशी बोलायचा, तिला सकाळी कशी आहेस विचारायचा, दूध काढताना तिला गावातली बातमी सांगायचा, आणि घरात आला की मुका. "म्हशीकडनं मला गावातलं कळायचं," असं सांगून आत्या हसायची, आणि हसता हसता डोळे पुसायची. मी तेव्हा परकर सोडून साडीत शिरायच्या वयात होते. मला ते हसणं कळायचं आणि पुसणं कळायचं नाही.

त्या काठीचं आत्यानं जे काही केलं ते एखाद्या बाळंतिणीचंही कुणी करत नाही. न्हाणीचं पाणी जिथनं बाहेर पडायचं तिथं थोडं बाजूला, मुळाशी पाणी साचणार नाही अशा बेतानं, खड्डा करून शेळीच्या लेंड्या आणि चुलीतली राख घातली, काठी तिरकी रोवली आणि तिला कोरड लागू दिली नाही. पहिला उन्हाळा ती नुसती काठीच राहिली. आई म्हणायची, सासरचंच वाण आहे, मुकं राहणार. दुसऱ्या पावसाळ्यात तिला धुमारे फुटले आणि मग ती जी सुटली ती न्हाणीच्या कौलापर्यंत. आत्या दर वर्षी कोयती घेऊन तिला अर्ध्यावर छाटायची, तेव्हा मला रडू यायचं आणि आईला आनंद व्हायचा. पण जास्वंद नव्या फुटव्यालाच फुलते, जुन्या लाकडाला नुसतं बघत बसावं लागतं. आता मी राहते त्या भोरमध्ये पुण्याच्या रस्त्याला नर्सऱ्या झाल्यात. ताटलीएवढी पिवळी, केशरी फुलं दाखवतात, विकताना झाडाला ताई-माई करतात आणि घरी आणलं की ते आठवड्यात मान टाकतं. माझी नात मोबाईल धरून पानाचा फोटो काढते आणि मला सांगते, आजी, याला पांढरी कीड लागलीय. बाई गं, मला दिसतंय की. आमच्याकडं ती कीड लागली की आत्या दादांच्या चंचीतला तंबाखू पळवायची, रात्रभर भिजवायची आणि ते पाणी फडक्यानं पानामागं पुसायची. कीड मरायची, आणि दादा दिवसभर तंबाखूवाचून मेल्यासारखे बसायचे.

आई आणि आत्या यांचं भांडण हे आमच्या घरातलं घड्याळ होतं. भाकरी थापायच्या आवाजाबरोबर सुरू व्हायचं आणि जेवणाला थांबायचं, कारण दोघीही जेवताना बोलणं वाईट मानायच्या. भांडणाला विषय दोन. पहिला जास्वंद. आई धुतलेल्या गोधड्या नेमक्या तिच्यावर वाळत टाकायची, कळ्या मोडायच्या, मग आत्या गोधडी ओढून चिखलात टाकायची. दुसरा विषय तांदूळ. आमच्या वरच्या खाचरात थोडा आंबेमोहर व्हायचा. शिजायला लागला की वास वाडीच्या टोकापर्यंत जायचा आणि भात असा चिकट की बोटं एकमेकांना सोडायची नाहीत. तो आई पाहुण्यांसाठी कणगीत दडवून ठेवायची. आत्या घरात एकटी सापडली की त्यातला मूठभर काढून दुधाचा भात करायची, मला द्यायची आणि स्वतः खायची. वासावरनं आईला शेतात कळायचं. मग आईचं ठरलेलं बोलणं, की ही बया माझ्या घरातनं कधी जाणार, देवी मला कधी मोकळं करणार. आत्या ताट धुता धुता म्हणायची की देवीच्या पाकळ्या माझ्या हातात आहेत, तुझा अर्ज पोचणार नाही.

त्या पाकळ्यांचा प्रकार सांगते. ज्याला कौल लावायचा त्यानं पहाटे आमच्याकडनं एक फूल न्यायचं. दोन्ही पाकळ्या एकाच फुलाच्या हव्यात, म्हणजे पक्षपात नको. त्या ताटलीत डाव्या-उजव्या बाजूला मांडायच्या, वर पान झाकायचं. मग देवळात गुरवबुवा त्या पाण्यात बुडवून देवीच्या दोन खांद्यांवर चिकटवायचे आणि प्रश्न मोठ्यानं विचारायचे. उजव्या खांद्यावरची आधी पडली तर होय, डाव्या खांद्यावरची पडली तर नाही. पडलेलीही आणि राहिलेलीही, दोन्ही पाकळ्या प्रसाद म्हणून विचारणाऱ्याच्या ताटलीत परत. आत्या फुलं पोचवायला गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत जायची, त्यामुळं तिनं असे कौल पोतंभर पाहिले होते. आई मात्र देवळात खांबामागं डोक्यावर पदर ओढून उभी राहायची आणि तिला देवीपेक्षा खांबच जास्त दिसायचा. जास्वंदीची पाकळी देठाकडं मुळातच चिकट. आम्ही पोरी तिचं टोक उकलून नाकावर चिकटवायचो आणि कोंबडा होऊन फिरायचो. पानं तर त्याहून चिकट, पाण्यात चुरगाळली की बुळबुळीत तार सुटते. आत्या त्यानं केस धुवायची. एकदा केस धुताना मला म्हणाली की शिळं फूल लौकर पडतं, ताजं चिकटून बसतं, आणि गावाला वाटतं देवी विचार करतीय. मी कानाला हात लावला. आत्या म्हणाली, देवीला ठाऊक आहे गं, तीपण मजा बघते.

मग एके दिवशी वेल्ह्याहून पाहुणे आले. आत्याचे मालक, ज्यांना मी मामा म्हणायचं, आणि त्यांचे चुलते. मामा उंच, वाळके, डोळे सारखे जमिनीकडं. चुलते बुटके आणि बोलायला असे की दोघांच्या वाटचं बोलणं देवानं एकाच्या पिशवीत घातलं असावं. येताना रस्ता कसा, एसटी कशी हलते, कंडक्टर कसा माजलाय, इथपासून सुरुवात करून चहा संपता संपता ते मुद्द्यावर आले. सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. उठवायला, बसवायला, धुवायला घरात बाई नाही. झालं गेलं विसरावं आणि सुनेनं घरी यावं. एवढं सगळं होईस्तोवर मामा न्हाणीमागं पाय धुवायला गेले ते तिथंच जास्वंदीकडं बघत उभे राहिले. त्यांना हाक मारून आणावं लागलं. आत्या चुलीपाशी बसली होती. मी तिच्याकडं पाहिलं तर तिचा हात भाकरीवर तसाच, आणि भाकरी करपत होती. आमच्या घरात भाकरी करपली आणि आई बोलली नाही, असं त्या दिवशी झालं.

दादांचा स्वभाव असा की त्यांना कुणालाही नाही म्हणता यायचं नाही. दारावर आलेल्या बैलवाल्याला नाही म्हणता न आल्यानं आमच्याकडं एकदा दोन लंगडे बैल होते. बहिणीवर त्यांचा जीव होता, पण समोर पाहुणा बसलाय, गावातली दोन वडीलधारी माणसं माना डोलावतायत, म्हातारी आजारी आहे. होय म्हणवेना, नाही तर येतच नव्हतं. मग त्यांनी त्यांचा नेहमीचा मार्ग काढला आणि म्हणाले, वाघजाईला विचारू. चुलत्यांनी विचारलं, पाकळ्या कुठल्या. गुरवबुवांनी सांगितलं, गावात एकच झाड, यांच्या न्हाणीमागं. मला वाटलं, आता हा माणूस हरकत घेणार. पण तो खूश झाला. झाड मूळचं आमच्याच अंगणातलं, म्हणजे आमचंच की, म्हणाला. संध्याकाळी आत्या झाडाला पाणी घालत होती, मी कळशी धरून उभी होते. ती मला म्हणाली, "मंदे, मी तिकडं गेले तर मरायची न्हाई. पर मुकी हुईन. दोन वर्सांत मीबी म्हशीसंगच बोलाया लागंन." तिचा आवाज तेव्हा नेहमीसारखा चेष्टेचा नव्हता. मी कळशी तिच्या पायावर सांडली.

सकाळी तिनं न्हाऊन फूल तोडलं. दोन पाकळ्या वेगळ्या केल्या. मग माझ्याकडं न बघता दोन-चार पानं तळहातावर चुरगाळली, तार सुटेपर्यंत, आणि ती तार ताटलीतल्या डाव्या बाजूच्या पाकळीच्या पाठीवर जाड लावली. मी विचारलं, डावी का. ती म्हणाली, गुरव देवीकडं तोंड करून बसतो, देवी गुरवाकडं तोंड करून, म्हणून त्याच्या डाव्या हाताची पाकळी देवीच्या उजव्या खांद्यावर जाते. म्हणजे होय म्हणणारी पाकळी हीच, आणि हीच पडता कामा नये. तिनं वर पान झाकलं, ताटली भिंतीतल्या देवळीत ठेवली आणि साडी बदलायला आत गेली. मला तिनं शेजारणीकडं नारळ आणायला पिटाळलं. आईनं पाहुण्यांसाठी भल्या सकाळीच आंबेमोहर रांधला होता, घरभर वास सुटला होता. मी परत आले तेव्हा आई देवळीपाशी उभी होती आणि पदराला बोटं पुसत होती. मला म्हणाली, उभी काय राहिलीस, वेणी घाल.

देवळात गाव जमलं होतं. गुरवबुवांनी पाकळ्या पाण्यात बुडवल्या, देवीच्या शेंदराच्या खांद्यांवर दाबल्या आणि मोठ्यानं म्हणाले, "आई, कौशीनं नांदाया जावं का? जावं तर उजवी दे, ऱ्हावं तर डावी दे." आणि आम्ही बघत बसलो. साधारण एरवी तंबाखू मळून होईस्तोवर निकाल लागायचा. तंबाखू मळून झाला, खाऊन झाला, थुंकून झाला, पाकळ्या जागच्या जागी. चुलत्यांनी देवीला म्हातारीच्या आजाराची सगळी हकिकत परत सांगितली. कुणीतरी घंटा जोरात बडवली. गुरवबुवांनी ओवाळायच्या निमित्तानं निरांजन अगदी जवळनं फिरवलं. चुलते वाकून नमस्कार करता करता उजव्या पाकळीच्या रोखानं असे खोकले की समई विझली, पाकळी हलली नाही. आत्यानं उजवी धरून ठेवली होती हे मला ठाऊक होतं. पण डावी का पडत नव्हती ते तिलाही कळेना. ती टक लावून त्या डाव्या पाकळीकडं बघत होती आणि तिच्या कपाळावर घाम आला होता. दोन्ही पाकळ्यांच्या कडा सुकून वळल्या, रंग काळपट पडला, पण देठाकडनं त्या अशा चिकटलेल्या की जणू देवीनं घट्ट धरून ठेवल्यात. पोरं भुकेली झाली. भोरला जाणारी एसटी खालच्या फाट्यावर भोंगा वाजवून निघून गेली. चुलत्यांकडंही बोलायला काही उरलं नाही, आणि हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं असावं.

शेवटी गुरवबुवा कपाळ पुसत म्हणाले की देवी आज बोलत नाही, म्हणजे आता मोठ्या माणसांनी बसून काय ते ठरवावं. मोठी माणसं दादांकडं बघायला लागली आणि दादा छताकडं. त्यांच्या गळ्याची घाटी वर-खाली होत होती आणि ती होय म्हणायच्या बेतात होती, मला दिसत होतं. तेवढ्यात आत्या उंबऱ्यापासनं वळली आणि सगळ्यांकडं तोंड करून उभी राहिली.

"देवी बोलत न्हाई," ती म्हणाली. "ह्ये मालक मी नांदत व्हते तवर बोललं न्हाईत, आजबी बोललं न्हाईत. दादाला बोलता येत न्हाई. समदी गप हायती, तर मग मीच बोलते. मी न्हाई जायची. सासूबायला भेटाया यीन, दोन रोज ऱ्हाऊन धुनं-पानी करीन. नांदाया न्हाई."

देवळात बाईमाणसानं असं बोलायची रीत नव्हती. पण रीत मोडली असं म्हणायला कुणीतरी तोंड उघडायला हवं होतं, आणि सगळ्यांची तोंडं आधीच उघडी होती. मग दादा खाकरले आणि म्हणाले, "ती न्हाई म्हनती, तर न्हाई." दादांच्या तोंडून तो शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला, तोही बहिणीकडनं उसना घेतलेला. मला इतका आनंद झाला की मी खांबामागं आईचा हात धरला. आईचा हात थंडगार होता. मामा उठले, टोपी नीट केली, आणि जाता जाता आत्यासमोर क्षणभर थांबले. "झाड लई वाढलं," ते म्हणाले, आणि पायऱ्या उतरून गेले. आत्या तिथंच खाली बसली. "बोललं की गं," ती मला म्हणाली, "झाडाबद्दल का हुईना." आणि तिला रडू आलं, नेहमीसारखं हसता हसता नाही, नुसतंच.

पाकळ्या काढायला गुरवबुवांना नखं लावावी लागली. दोन्ही ताटलीत टाकून त्यांनी आत्याला परत दिल्या आणि पुन्हा असला प्रश्न आणू नका म्हणाले. घरी आल्यावर आत्यानं चुलीच्या उजेडात त्या उलट्या केल्या, मी तिच्या खांद्यावरनं बघत होते. एकीच्या पाठीवर पानांची वाळलेली तार होती. दुसरीच्या पाठीवर शेंदरात बरबटलेलं, चेपलेलं भाताचं शीत होतं. आमच्या घरी पोरांचे पतंग ज्यानं चिकटायचे तसं, बोटानं दाबून लावलेलं. आत्यानं ते नाकाशी नेलं. आंबेमोहरच होता.

आई पाठमोरी बसून पाहुण्यांसाठी केलेला भात आमच्या ताटांत वाढत होती. पाहुणे तर गेलेच होते.

"वैनी," आत्या म्हणाली, "देवीचा उजवा खांदा आपल्या डाव्या हाताला येतो."

आईचा हात थांबला. "मला काय ठावं. मी कवा उंबऱ्यापतुर गेलीया? उजवी म्हंजे उजवी, असं मला वाटलं." मग तिनं भाताचा मोठा ढीग आत्याच्या ताटात आपटला. "आन तू एकटीच पाकळी चिकटवनार व्हतीस व्हय? घरात दुसरं कुनी न्हाईच जनू."

 खाली मान घालून आत्यानं सगळा भात खाल्ला, आणि आईनं तिला आणखी वाढला, कणगीतला तांदूळ मोजल्याशिवाय. दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं धुतलेली गोधडी परत जास्वंदीवर टाकली, आत्यानं ती परत चिखलात ओढली, आणि आईनं वाडीला ऐकू जाईल असं सांगितलं की देवीनं ही बया कायमची माझ्या डोक्यावर बसवली. तिचा आवाज इतका खूश होता की शेजारीण बघायला आली.

आता त्या दोघीही नाहीत. मेल्या तेव्हाही एकीमागोमाग एक गेल्या, म्हणजे वरही भांडण खंडायला नको. त्या न्हाणीच्या जागी आता भावानं फरशीचं बाथरूम बांधलंय, पण झाड त्यानं तोडलं नाही. त्याची एक फांदी मी भोरला आणून गच्चीत डब्यात लावलीय, आणि दर वर्षी अर्ध्यावर छाटते. गावचं झाड यंदा छाटणीनंतर अजून फुललं नव्हतं, म्हणून गेल्या महिन्यात वाडीतली एक बाई बाईकवर नवऱ्याच्या मागं बसून माझ्याकडं आली, कौलाला फूल हवं म्हणून. मी विचारलं, कशाचा कौल. थोरल्या पोरीला माहेरी येऊन महिना झालाय, सासरचे न्यायला आलेत, पोरगी जायला तयार नाही, घरातले म्हणतात देवीला विचारू. बाई सांगत होती आणि खाली बघत होती. मी चांगलं उमललेलं एक फूल तोडून ओल्या फडक्यात तिच्या हातात दिलं, मूठभर पानं दिली, आणि तिला जरा बाजूला घेतलं.

"देवीचा उजवा खांदा आपल्या डाव्या हाताला येतो, त्येवढं ध्यानात ठिव," मी म्हणाले. "आन घरी भात कंच्या तांदळाचा करता?"